साहसकथाकार रॉबर्ट बॅलंटाइन

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासाचे जाडजूड ग्रंथ उघडावेत, तर त्यांत रॉबर्ट मायकेल बॅलंटाइन या लेखकाला दोन-चार ओळींपेक्षा अधिक जागा मिळालेली दिसत नाही. डिकन्स, थॅकरे, हार्डी यांच्या पंगतीत त्याला कोणी बसवत नाही. तरीही एके काळी इंग्रजी वाचणाऱ्या घराघरांतील मुले ज्याच्या पुस्तकांची वाट पाहत असत, असा हा लेखक होता. त्याचे 'कोरल आयलंड' हे पुस्तक निघून दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ते अजून छापले जाते. आपल्याकडील कित्येक शाळांतही त्याची संक्षिप्त आवृत्ती इंग्रजीचे पूरक वाचन म्हणून मुलांच्या हाती पडली आहे. अशा या लेखकाचे जीवन त्याच्या कथांइतकेच मनोरंजक आहे, आणि विचार करायला लावणारेही आहे.

रॉबर्टचा जन्म २४ एप्रिल १८२५ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो या शहरी झाला. दहा भावंडांतील हा नववा. घराणे छपाईच्या धंद्यातले. वडील अलेक्झांडर हे वृत्तपत्राचे संपादक व मुद्रक, तर चुलते जेम्स बॅलंटाइन हे सुप्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या पुस्तकांचे मुद्रक. पुस्तकांच्या शाईचा वास घेतच मूल वाढायचे. पण दैवाचे फासे उलटे पडले. १८२५-२६ साली ब्रिटनमध्ये मोठी आर्थिक मंदी आली, बँका बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर स्कॉट व बॅलंटाइन यांचा छपाईचा व्यवसायही बुडाला. कर्जाचा आकडा एक लाख पौंडांच्या वर गेला होता. रॉबर्ट तेव्हा पाळण्यात होता. म्हणजे ज्या घरात सुबत्ता होती, त्या घरात त्याला कळू लागले तेव्हा केवळ सुबत्तेच्या आठवणी उरल्या होत्या. दोन वर्षे एडिंबरो अ‍ॅकॅडमीत आणि पुढे घरच्या घरी असे त्याचे शिक्षण झाले. पुढे शिकवण्याची ऐपत नव्हती. धाकट्या मुलाने लवकर हातपाय हलवावेत हे ओघानेच आले.

१८४१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, रॉबर्ट हडसन बे कंपनीत शिकाऊ कारकून म्हणून लागला आणि जहाजात बसून थेट उत्तर अमेरिकेला गेला. आपल्या देशाला ईस्ट इंडिया कंपनीचा अनुभव आहे. तिला १६०० साली राणी एलिझाबेथची सनद मिळाली होती. हडसन बे कंपनी ही तशाच जातकुळीची. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७० साली तिला सनद दिली आणि हडसन उपसागराला मिळणाऱ्या सर्व नद्यांच्या खोऱ्यांतील व्यापाराचा मक्ता देऊन टाकला. हा मुलूख आजच्या भारताहूनही मोठा. राजाने तो कधी पाहिला नव्हता आणि तेथे हजारो वर्षे राहणाऱ्या लोकांना काही विचारलेही नव्हते. कंपनीला हवी होती बीव्हर या प्राण्याची लव, कारण तिच्यापासून युरोपातील श्रीमंतांच्या टोप्या बनत. क्री व इतर जमातींचे शिकारी कातडी आणीत आणि बदल्यात बंदुका, दारूगोळा, घोंगड्या, भांडी घेऊन जात. मधे रोकड पैसा नसे. बीव्हरचे एक कातडे हेच मोजमाप. शिकाऱ्याने आणलेल्या मालाची किंमत ठरली, की तितके लाकडाचे तुकडे त्याच्या हाती देत आणि ते देऊन तो कोठीतून हवी ती वस्तू उचलीत असे.

अशा कोठीवर रॉबर्ट हिशेब लिहू लागला. यॉर्क फॅक्टरी हे उपसागराच्या काठचे ठाणे. तेथे वर्षातून एकदा विलायतेचे जहाज येई. बाकीचे दिवस बर्फ, कामाच्या वह्या आणि एकटेपणा. हिवाळ्यात थर्मामीटरमधला पारा गोठून जाई. उन्हाळ्यात नावांचे तांडे निघत. जेथे नदीला धबधबे असत तेथे सारा माल पाठीवर घेऊन पायी चालावे लागे. या काळात त्याने रेड नदीच्या काठची वसाहतही पाहिली. आजचे विनिपेग शहर ते हेच. या वसाहतीचा इतिहास रॉबर्टच्या पुढील कोणत्याही कथेइतका रोमांचक आहे. लॉर्ड सेलकर्क या स्कॉटिश उमरावाने १८१२ साली ती वसवली. आलेल्यांत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील कुळे होती. मालकांना मेंढ्यांसाठी कुरणे हवी होती म्हणून तेथे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्यांना उठवण्यात येत होते. ही विस्थापित माणसे दुसऱ्यांच्या मुलखात येऊन पडली. पहिल्या हिवाळ्यांत घरे नव्हती, धान्य नव्हते. सोतो जमातीचा नायक पेग्विस आणि त्याची माणसे यांनी त्यांना वाट दाखवली, रानगव्यांच्या मांसावर जगायला मदत केली. १८१६ साली फरच्या व्यापारातील चढाओढीतून लढाई झाली आणि माणसे मेली. १८१८ साली टोळधाड आली आणि उभे पीक खाऊन गेली. तरीही वसाहत टिकली. रॉबर्ट तेथे गेला तेव्हा हे सारे पाहिलेली माणसे अद्याप हयात होती.

एकटेपणावर रॉबर्टने एक उपाय शोधला. तो आईला लांबलचक पत्रे लिहू लागला. दिवसभरात पाहिलेले, ऐकलेले, खाल्लेले, सोसलेले सारे काही त्यात असे. वर्षातून एक-दोनदाच टपाल जाणार, म्हणून पत्र वाढतच जाई. लेखक होण्याची त्याची शाळा ती हीच. पुढे त्याने स्वतःही याचे श्रेय त्या पत्रांना दिले आहे.

सहा वर्षांनी, १८४७ साली, तो घरी परतला तेव्हा वडील वारले होते. त्याने रेल्वे कंपनीत कारकुनी केली, मग कॉन्स्टेबल या प्रकाशकाच्या संस्थेत नोकरी धरली. दरम्यान १८४८ साली हडसन बे येथील अनुभवांवरचे त्याचे पहिले पुस्तक निघाले. ते प्रौढांसाठी होते आणि त्याचा फार बोलबाला झाला नाही. पण एडिंबरोचे प्रकाशक नेल्सन यांच्या नजरेतून ते सुटले नाही. हेच अनुभव मुलांसाठी गोष्टीच्या रूपात लिहिशील का, अशी विचारणा झाली. त्यातून १८५६ साली फरच्या तरुण व्यापाऱ्यांची कथा आली, पाठोपाठ 'उंगावा' आली. एकतीस वर्षांच्या या कारकुनाने नोकरी सोडून दिली. पुढे अडतीस वर्षे तो केवळ लेखणीवर जगला आणि ऐंशीहून अधिक पुस्तके लिहून गेला.

त्याचे तिसरे मोठे पुस्तक म्हणजे १८५८ सालचे 'कोरल आयलंड'. पॅसिफिक महासागरात जहाज फुटते आणि जॅक, राल्फ व पीटरकिन ही तीन मुले एका निर्जन प्रवाळबेटावर येऊन पडतात. थोरला अठरा वर्षांचा, मधला पंधरा आणि धाकटा चौदा. वडीलधारे कोणी नाही. पण मुले भांडत नाहीत, रडत बसत नाहीत. ती घर बांधतात, होडी करतात, डुकरांची शिकार करतात, समुद्राच्या तळाशी बुडी मारून गुहा शोधतात. मग चाचे येतात, नरभक्षक येतात, मिशनरी येतात आणि अनेक संकटांतून पार होऊन मुले परततात. भाषा साधी, विनोद निर्मळ, वेग भरधाव. कोणत्याही आईबापांनी निर्धास्तपणे मुलाच्या हाती द्यावे असे पुस्तक.

पण पहिल्या पुस्तकांत आणि या पुस्तकात एक फरक होता. कॅनडा त्याने डोळ्यांनी पाहिला होता. पॅसिफिक मात्र नकाशात आणि इतरांच्या पुस्तकांत. पुस्तक लिहिले गेले ते एडिंबरोसमोरच्या खाडीपलीकडे, बर्नटआयलंड या गावी, एका भाड्याच्या घरात. आणि तेथेच त्याची फसगत झाली. त्याच्या कथेतील मुलाला झाडावरचा नारळ हाती लागतो आणि तो खिशातल्या चाकूने भोक पाडून आतले गोड पाणी पितो. कोकणातल्या कोणत्याही पोराला हे ऐकून हसू येईल. माडावर लागतो तो असोला नारळ. त्यावर चार बोटे जाडीचे हिरवे साल आणि काथ्या असतो. तो सोलायचा तर जमिनीत रोवलेल्या लोखंडी पहारेच्या टोकावर आपटून पिळावा लागतो, नाहीतर कोयत्याचे घाव घालावे लागतात. बॅलंटाइनने पाहिले होते ते एडिंबरोच्या दुकानात विकायला आलेले, सोललेले, तपकिरी करवंटीचे नारळ. ते तसेच झाडाला लागतात असे त्याने धरले. पुढे ही चूक लोकांनी त्याच्या नजरेस आणली.

ही चूक त्याला फार लागली. दुसरा एखादा लेखक म्हणाला असता, मुलांच्या गोष्टीत एवढे काय पाहायचे! बॅलंटाइनने उलटा विचार केला. मूल लेखकावर डोळे झाकून विश्वास ठेवते, म्हणून त्याला खोटे सांगणे अधिक वाईट. येथून पुढे शक्य असेल तेथे मुळाशी जाऊनच माहिती घ्यायची असा त्याने निश्चय केला, आणि तो जन्मभर पाळला.

दीपगृहावर लिहायचे ठरले तेव्हा तो समुद्रात उभ्या असलेल्या बेल रॉक दीपगृहात पहारेकऱ्यांसोबत जाऊन राहिला. हा खडक भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो आणि १८११ पासून तेथील दिवा जळतो आहे. त्या मुक्कामातून १८६५ साली 'द लाइटहाउस' हे पुस्तक झाले. आगीच्या बंबांवर लिहायचे तेव्हा लंडनच्या अग्निशामक जवानांबरोबर तो बंबावर बसून धावला. कॉर्नवॉलमधील कथिलाच्या खाणी समुद्राच्या तळाखाली पसरलेल्या आहेत. त्या खाणकामगारांत जाऊन राहिला आणि मगच १८६८ साली 'डीप डाउन' लिहिले. बुडत्यांना वाचवणाऱ्या जीवरक्षक नौकांवर पुस्तक लिहून तो थांबला नाही. व्याख्याने दिली, वर्गणी जमवली आणि त्यातून एक नौका समुद्रात उतरली. तिच्या नावात त्याचेही नाव होते. दीपगृहाचा पहारेकरी, खाणकामगार, बंबवाला, टपालवाला हे त्याचे नायक. कष्टकऱ्यांना मुलांच्या पुस्तकांचे नायक करणे हे त्या काळी लहानसे काम नव्हते. माझ्यासारख्याला, ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तोच पहिला, या गोष्टीचे मोल विशेष वाटते.

येथवर हे चरित्र म्हणजे आदर्श पाठ वाटतो. परंतु थोर माणसाचे चरित्र लिहायचे तर त्याचीच कसोटी त्याला लावून पाहिली पाहिजे. मुळाशी जाऊन माहिती घ्यायची, हा त्याचा नियम. तो नियम त्याने वस्तूंना लावला. माणसांना लावला का?

'कोरल आयलंड'मधील बेटवासी लोक पाहा. मिशनरी येण्यापूर्वी ते नरमांस खाणारे क्रूर रानटी आहेत. धर्म बदलला की एका दिवसात ते सौम्य, स्वच्छ आणि आज्ञाधारक होतात. तिसरा प्रकार नाही. मासे मारणारा, होडी कोरणारा, पोराला खांद्यावर घेऊन हिंडणारा, साधा संसारी बेटवासी त्यात फारसा भेटत नाही. माझे वडील दुसऱ्यांच्या वाडीत माडांवर चढून नारळ पाडण्याचे काम करतात. पुस्तक वाचताना मला राहून राहून वाटले, की नारळ कसा सोलतात हे बॅलंटाइनला कोणी सांगू शकले असते तर ते त्या बेटावरच्या माणसानेच. पण कथेत त्या माणसाला नारळाविषयी बोलायला जागाच ठेवलेली नाही. त्याला फक्त भाला घेऊन किंचाळायचे आहे. नारळाची चूक आणि माणसाची चूक या दोन नाहीत. दुसरीतूनच पहिली निघाली आहे.

कोणी म्हणेल, तो पॅसिफिकला गेला नव्हता, म्हणून असे झाले. पण पुढे १८७६ च्या सुमारास तो दक्षिण आफ्रिकेत काही महिने राहून आला. त्यातून १८७७ साली 'द सेटलर अँड द सॅव्हेज' ही कादंबरी झाली. वसाहतकरी आणि रानटी, असा निवाडा नावातच देऊन टाकलेला. तिचा विषय १८२० साली केप वसाहतीत आलेल्या ब्रिटिश वसाहतकऱ्यांचा आहे. हा इतिहास खरोखर थरारक आहे. सुमारे चार हजार माणसे बायकामुलांसह अल्गोआ उपसागराच्या किनाऱ्यावर उतरली. त्यांत सुतार होते, लोहार होते, दुकानदार होते. शेती माहीत असलेले थोडे. बैलगाड्यांतून त्यांना आत नेऊन माळावर उतरवून देण्यात आले. गव्हावर तांबेरा पडून लागोपाठ पिके बुडाली, १८२३ साली महापूर आला. या माणसांच्या चिकाटीला कोणीही नमस्कारच करील.

पण ती जमीन रिकामी नव्हती. ती रिकामी केली होती. त्या भागातून १८११-१२ च्या युद्धात ब्रिटिश फौजेने सुमारे वीस हजार खोसा लोकांना फिश नदीपलीकडे हाकलले होते. १८१९ साली मखांडा या पुढाऱ्याने हजारो योद्धे घेऊन ग्रॅहमस्टाउनवर चाल केली. ती फसली, त्याला रॉबेन बेटावर कैदेत टाकले आणि १८२० साली तेथून निसटताना तो समुद्रात बुडाला. त्याच वर्षी वसाहतकऱ्यांची जहाजे किनाऱ्याला लागली. सरकारने त्या गरीब सुतार-लोहारांना सरहद्दीवर कुंपणासारखे बसवले होते, आणि ही गोष्ट त्यांना धड सांगितलीही नव्हती. रेड नदीवर काय आणि फिश नदीवर काय, घराबाहेर काढलेल्या गरिबाला दुसऱ्याच्या हिरावलेल्या जमिनीवर नेऊन बसवले गेले. साहस दोन्ही बाजूंना होते, दुःखही दोन्ही बाजूंना होते. मुलांच्या पुस्तकात मात्र एका बाजूचे साहस आले आणि दुसऱ्या बाजूला रानटी हे नाव आले.

बॅलंटाइनवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की तो निष्ठुर नव्हता. पूर्व आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने १८७३ साली 'ब्लॅक आयव्हरी' लिहिले आणि त्या व्यापाराची भीषणता इंग्रज मुलांपुढे मांडली. गांजलेल्या माणसाची त्याला दया होती. पण दया करणे वेगळे आणि समोरच्याला बरोबरीचा समजून त्याचे ऐकणे वेगळे. काळच तसा होता, असेही आपण म्हणतो. परंतु त्याच काळात, नव्हे त्याच घरात, थोडी वेगळी वाट चालणारा एक माणूस होता, आणि त्याचा आपल्या मराठीशी संबंध आहे.

हा माणूस म्हणजे रॉबर्टचा थोरला भाऊ जेम्स रॉबर्ट बॅलंटाइन. हा पौर्वात्य भाषांचा पंडित होता. त्याने १८३९ साली मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केले. हिंदुस्थानात येणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना शिकण्यासाठी ते होते. रॉबर्ट तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढे १८४६ ते १८६१ जेम्स काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेचा प्रमुख होता. तेथील शास्त्रीपंडितांच्या सहवासात राहून त्याने वरदराजाच्या लघुकौमुदीचे इंग्रजी भाषांतर केले, दर्शनांची सूत्रे इंग्रजीत आणली. तोही राज्यकर्त्यांचाच नोकर; आपलाच धर्म श्रेष्ठ असे तोही मानीत होता आणि त्यासाठी त्याने ग्रंथही लिहिला. पण त्याने आधी समोरच्याची भाषा शिकून घेतली, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत समजून घेतले आणि मग आपला मतभेद मांडला. धाकट्या भावाने दीपगृहात मुक्काम केला, थोरल्याने दुसऱ्यांच्या भाषेत मुक्काम केला. धाकट्याची पुस्तके लाखो मुलांनी वाचली. थोरल्याची अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊक नाहीत. हे उलटे झाले असते तर, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

बॅलंटाइनचा प्रभाव मात्र थोडाथोडका नव्हता. 'ट्रेझर आयलंड'चा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन लहानपणी त्याचा भक्त होता आणि आपल्या त्या पुस्तकाच्या आरंभीच्या पद्यात त्याने बॅलंटाइनचे नाव आदराने घेतले आहे. योगायोग असा, की बेल रॉकचे दीपगृह बांधणारा अभियंता हा स्टीव्हन्सनचा आजा. पुढे १९५४ साली विल्यम गोल्डिंगने 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' लिहिली, ती 'कोरल आयलंड'ला दिलेले उत्तर म्हणूनच. तेच निर्जन बेट, त्यातही राल्फ आणि जॅक हीच नावे. पण येथे सुसंस्कृत इंग्रज मुलेच हळूहळू एकमेकांच्या जिवावर उठतात. रानटीपणा कातडीच्या रंगात नसतो, तो प्रत्येकाच्या आत दबा धरून असतो, हे दोन महायुद्धांनंतर युरोपला उमगले होते.

१८६६ साली बॅलंटाइनचा विवाह जेन ग्रँट हिच्याशी झाला. त्यांना सहा मुले झाली. उतारवयात तो लंडनजवळ हॅरो येथे राहत असे. लिहिणे शेवटपर्यंत चालूच होते. चक्कर येण्याच्या आजाराने त्याला ग्रासले आणि हवापालटासाठी तो इटलीला गेला. तेथे रोम शहरी ८ फेब्रुवारी १८९४ रोजी त्याचे निधन झाले. हॅरोच्या शाळेतील मुलांनी त्याच्या स्मारकासाठी वर्गणी काढली. मुलांसाठी आयुष्य वेचलेल्या लेखकाला याहून मोठा सन्मान कोणता?

या लेखकाला ग्रंथालयाबाहेर काढावे असे मला मुळीच वाटत नाही. त्याची पुस्तके वाचावीत, आनंदाने वाचावीत. धैर्य, मैत्री, कष्ट आणि सचोटी यांचे बाळकडू त्यांत आहे. एका लहान चुकीने स्वतःला आयुष्यभर शिस्त लावून घेणारा लेखक कोणत्याही काळात विरळाच. मात्र वाचताना एक जागा आपण आपल्या मनाने भरून घ्यावी. त्या बेटावर, त्या नदीकाठी आधीपासून राहणारी माणसे होती. त्यांनाही गोष्टी सांगता येत होत्या. आज आपल्यासारख्यांच्या घरांतून पहिल्यांदाच मुले लिहू-वाचू लागली आहेत. त्यांनी साहसकथा जरूर लिहाव्यात, बॅलंटाइनसारख्याच कष्टाने माहिती जमवून लिहाव्यात. आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्या माणसांना आधी बोलू द्यावे.